तक्रार नसलेले घर

"बग, आता न्हाई टपकत. तू आला की गपगार बसतो मेला."

चतुराबाई बॅटरीचा उजेड धरून उभी होती. धम्मानंद स्वयंपाकाच्या ओट्याखाली गुडघ्यांवर बसून नळाच्या जोडणीवरून अंगठा फिरवत होता. अंगठा ओला झाला. म्हणजे गळती होती. वरच्या तोटीतून नव्हे, खालच्या नटातून.

"आत्या, उजेड इकडं धर. भिंतीवर काय पाहू मी?"

"सत्तरीच्या वरचा हात हाय तो. हालतोच."

"मागल्या हप्त्यात हाच नट कसला होता. वायसर बी नवा टाकला."

"मग वायसरच खराब असंल. आजकालचं काय टिकतंय? माणसं टिकंनात."

धम्मानंदने नट पुन्हा कसला, कोरड्या फडक्याने पुसला आणि काही वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. पाणी आले नाही. शेगडीवर आंबाडीची भाजी रटरटत होती आणि शेजारी धपाट्यांचे पीठ ओल्या कापडाखाली झाकून ठेवले होते. एकट्या बाईच्या मानाने ते पीठ जास्त आहे, हे त्याच्या नजरेला आले. पण तो नळाच्या कामासाठी आला होता आणि पिठाचा नळाशी संबंध नव्हता.

"आलाच हायस तं दोन घास खाऊन जा."

"न्हाई आत्या, साइटवर स्लॅब हाय आज."

"स्लॅब काय पळून जातो का? त्याला घट व्हायलाच येळ लागतो, तूच म्हनतोस."

तो जेवला, घड्याळाकडे पाहत जेवला आणि गेला.

आत्या राहत होती ती इमारत मूळची हळदीचे गोदाम. वसमतच्या मोंढ्यामागे, जाड दगडी भिंतींची आणि उंच छपराची. मालक शिवशंकर हळदीचा आडत्या. त्याने मोठ्या रस्त्यावर नवे गोदाम बांधले आणि जुन्याचे मंगल कार्यालय करायचे ठरवले. नकाशा काढायला त्याने धम्मानंदला बोलावले. धम्मानंद डिप्लोमा झालेला अभियंता. बसस्थानकासमोरच्या एका खोलीत बसून गावातल्या घरांचे नकाशे मंजुरीसाठी तयार करून देणारा, एवढीच त्याची ओळख. त्याने गोदाम आतून पाहिले, छताचा सगळा भार बाहेरच्या भिंतींवर आहे याची खात्री करून घेतली आणि मंगल कार्यालयाऐवजी एकट्या माणसांसाठी घरे करण्याचा प्रस्ताव मांडला.

"एकट्या मानसासाठी घर?" शिवशंकर हसला होता. "एकटा मानूस कवाबी बॅग उचलून पळून जाईल की."

"फॅमिलीवाले पळत न्हाईत का?"

"त्यांचं सामान लई असतंय. वेशीपर्यंत सापडतेत."

तरीही शिवशंकरने ऐकले, कारण लग्नांचा हंगाम वर्षात थोडाच असतो आणि बदलीवर आलेली माणसे बारा महिने येतात.

धम्मानंदच्या आराखड्याचे तत्त्व साधे होते. आतली एकही भिंत भार घेत नाही; म्हणून एकही भिंत कायमची नको. लाकडी चौकटीच्या पडद्या, म्हणजे हलक्या भिंती, उभ्या करायच्या, त्या सुताराने अर्ध्या दिवसात हलवता याव्यात. आज एका खोलीत राहणाऱ्या नर्सकडे उद्या आई आली तर दुसरी खोली निघावी. आई गेली तर ती खोली पुन्हा मिटावी. माणूस म्हातारा झाला तर न्हाणीघर रुंद व्हावे, उंबरा कुठेच नसावा, दारासमोर पायऱ्यांऐवजी उतार असावा. दर दोन घरांमध्ये एक घडीचे दार ठेवले होते आणि त्याला दोन्ही बाजूंनी कड्या होत्या. दोन्ही शेजाऱ्यांनी कडी काढली तरच ते उघडे. एकटेपणा हा जबरदस्तीचा नसावा आणि सोबतही जबरदस्तीची नसावी, असे तो शिवशंकरला म्हणाला होता. शिवशंकरने विचारले होते, "दार कोन्त्या लाकडाचं?"

या आग्रहाला एक कारण होते. तरुणपणी हिंगोलीत पहिल्या नोकरीवर असताना धम्मानंद खोली शोधत हिंडला होता. घरमालक पहिला प्रश्न विचारत, "फॅमिली हाय का?" दुसरा प्रश्न आडनावाचा असे. ज्यांना दुसरा प्रश्न विचारायचा संकोच वाटे, ते पहिल्यावरच काम भागवत. तो पहिला पावसाळा त्याने साइटवरच्या सिमेंटच्या शेडमध्ये काढला. या आठवणीचा त्याला राग येत नसे. ती त्याने एक नोंद म्हणून जपली होती: माणसे एकटी असतात आणि घरे मात्र कुटुंबांसाठी बांधली जातात.

पहिले घर त्याने चतुराबाईसाठी राखले.

चतुराबाई त्याच्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हते. ती शिरड शहापूरला भावाच्या घरी परत आली. धम्मानंदची आई तो रांगत असताना वारली तेव्हा त्याला आत्यानेच वाढवले. आरोग्य केंद्रात आया म्हणून तिने नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर त्याच गल्लीत, दोन खोल्यांच्या मातीच्या घरात ती एकटी राहिली. मग एकदा अंगणातल्या धुण्याच्या दगडावरून पाय घसरला आणि मनगट मोडले.

धम्मानंद आणि त्याची बायको निलम वसमतला दुसऱ्या मजल्यावर राहत. निलम मनापासून म्हणाली होती, "आत्या, आमच्याकडंच या तुमी."

"न्हाई बाई. दुसऱ्याच्या घरात म्हातारी बसली की अडगळीवानी दिसती. मला माझं दार पाह्यजे."

स्वतःचे दार द्यायचे तर ते निर्दोष द्यायचे, असे धम्मानंदने ठरवले. शिरड शहापूरला जाऊन एका दुपारी त्याने आत्याची मापे घेतली. हात किती वर पोचतो, पाय किती उचलतो, बसल्यावर उठायला आधार कुठल्या उंचीवर लागतो. चतुराबाईची करमणूक झाली.

"शिंप्यानं बी इतकं माप घेतलं नव्हतं माझं. झंपर शिवून राहिला का घर?"

त्या दुपारी शेजारची सिंधूबाई मिरचीपूड मागायला आली. एक बाई अंग तापलेले लेकरू दाखवायला घेऊन आली. मेंढरे राखणारा ज्ञानबा शेळीचे दूध देऊन, ओसरीत विडी ओढून गेला. दर वेळी धम्मानंदला टेप गुंडाळून माणसांना वाट द्यावी लागली. हा त्याने मोजमापातला व्यत्यय समजला.

आत्या वसमतला आली. शिरड शहापूरची जागा तिने चुलत भावाच्या नातवाला, आयुषला, घरकुलासाठी दिली. त्याने मातीच्या भिंती पाडून विटांचे बांधकाम सुरू केले, तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं, गळत होतं." परत जाण्याचा प्रश्न तिथे संपला.

नव्या घरात गळत नव्हते. दिव्याची बटणे हाताच्या उंचीवर होती, न्हाणीघरात धरायला दांडे होते, पाणी चोवीस तास होते. शेजारच्या घरात अंजली राहत होती. लातूरकडची, बँकेत नोकरीला. पलीकडच्या घरात लालसिंग होता. एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्याची बायकामुले तांड्यावर. त्याची ड्यूटी विचित्र असल्याने तो बहुतेक दिवसा झोपलेला असे.

आल्यावर थोड्याच दिवसांत चतुराबाईने वाटी घेऊन अंजलीचे दार वाजवले.

"पोरी, चमचाभर इरजण दे गं."

"विरजण?" अंजलीने कानातली इअरफोनची बोंडे काढली. "मी दही लावतच नाही आत्या. थांबा, संध्याकाळी बघते."

संध्याकाळी बँकेतून येताना तिने दह्याचा सीलबंद डबाच आणला. "हा अख्खा ठेवा तुम्ही. परत द्यायचं नाही हं काही."

गावाकडे चतुराबाईच्या घरात विरजण कधीच नसे. ते न परवडण्यासारखे नव्हते. पण गल्लीतल्या प्रत्येक घरात काही ना काही नसायचेच. कोणाकडे चाळणी नाही, कोणाकडे हिंग नाही, कोणाकडे उखळ नाही. मागितलेल्या भांड्यातून परत देताना काहीतरी घालून द्यायचे, रिकामे भांडे पाठवायचे नाही. या देवघेवीत दारे दिवसभर उघडी राहत. तिथे कोणी कोणाला भेटायला जात नसे. सगळे काही ना काही मागायला जात.

चतुराबाईने दह्याचा डबा धुतला, शेंगदाण्याची चटणी भरली आणि नेऊन दिला.

"अय्यो आत्या, कशाला? मला तिखट अजिबात चालत नाही, ॲसिडिटी आहे."

अंजलीच्या वागण्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. ती दिसेल तिथे हसून बोले, दवाखान्यात जायचे असेल तर सांगा म्हणे. मधल्या घडीच्या दाराला तिने आपल्या बाजूने कपाट लावले होते, कारण तेवढी जागा फुकट जात होती. चतुराबाईने नंतर विरजण मागितले नाही.

बिघाड सुरू झाले ते त्यानंतर. आधी ओट्याखालचा नळ. मग न्हाणीघराची कडी. मग घडीच्या दाराचे खालचे चाक रुळावरून उतरले. मग पुन्हा नळ. दर वेळी सकाळी फोन येई, "धम्मा, पानी टपकून राहिलं बाबा," आणि दुपारी धम्मानंद पिशवी घेऊन हजर होई. इतर घरांत तोच नळ होता, तीच कडी होती. तिथे काही बिघडत नव्हते. ही विसंगती त्याला झोंबू लागली. तो कारागिरांवर चिडला, मग वायसर विकणाऱ्यावर चिडला. शेवटी त्याने नट काढून उन्हात धरून पाहिला. कडांवर ताज्या ओरखड्यांच्या खुणा होत्या. त्याच्या पान्याच्या नव्हेत; त्याचा पाना त्या मापात नेमका बसत असे. कोणीतरी मोठा पाना लावून नट सैल केला होता.

निरीक्षण अचूक होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र असा होता, की आत्याचे डोके आता काम देत नाही. म्हातारी माणसे वस्तूंशी चाळा करतात, सैल करतात आणि विसरतात. असे त्याने वाचलेही होते.

"त्यांना विचारलं का तुमी?" निलमने म्हटले.

"ज्याला आठवतच न्हाई त्याला इचारून काय मिळनार? शिवाय तिला लाज वाटंल."

तरी एक चाचणी म्हणून त्याने पुढच्या भेटीत सहज विचारले, "आत्या, आज वार कोन्ता हाय?"

"तुज्या सुट्टीचा न्हाई, इतकं ठाव हाय मला."

हे उत्तर त्याने टाळाटाळ म्हणून धरले.

त्यानंतर त्याने काम कायमचे पक्के करून टाकले. ओट्याखालची जोडणी स्टीलच्या पेटीत बंद केली, पेटीला कुलूप घातले, किल्ली स्वतःकडे ठेवली. कडी बदलून जाड खिट्टी बसवली. घडीच्या दाराची चाके झाकून घेतली. चतुराबाई शेजारी उभी राहून पाहत होती. या वेळी तिला बॅटरी धरायला सांगितली नव्हती. त्याने डोक्याला लावायचा दिवा आणला होता.

"आता न्हाई ना बिघडनार?"

"दहा वर्सं हात लावायचं काम न्हाई."

"दहा वर्सं." तिने पेटीच्या कुलपाला बोटाने ओढून पाहिले. "बरं केलंस. तुजी तकलीफ वाचली."

फोन थांबले. धम्मानंदला समाधान वाटले, आणि त्या समाधानात आत्याविषयीची काळजीही होती. ती खोटी नव्हती. तो तिकडून जाताना खालूनच गाडी थांबवून हाक मारी, "बरं हाय ना सगळं?" आणि खिडकीतून उत्तर येई, "बरं हाय." या दोन वाक्यांत काम भागत होते.

पुढे शिवशंकर हिंगोलीच्या एका व्यापाऱ्याला इमारत दाखवायला घेऊन आला. त्यालाही जुन्या जिनिंग मिलची अशीच घरे करायची होती. धम्मानंद त्यांना चतुराबाईच्या घरात घेऊन गेला. व्यापाऱ्याने पडद्या ठोकून पाहिल्या, दांडे हलवून पाहिले आणि विचारले, "काय आजी, काही तकलीफ?"

"काईच न्हाई. कुटं बोट घालायला जागा ठिवली न्हाई माज्या लेकानं."

व्यापारी खूश झाला. हे कौतुक आहे, असे धम्मानंदलाही वाटले. हिंगोलीचे काम त्याला मिळाले.

त्या कामाच्या धावपळीत उन्हाळा सरला. एक दिवस मोंढ्याजवळच्या चहाच्या टपरीवर लालसिंग भेटला. नुकताच उठलेला, डोळे सुजलेले.

"साहेब, तुमी नळ लई पक्का करून टाकला राव."

"काहून? काही झालं का?"

"आमची भाजी बंद झाली ना." लालसिंग बशीत चहा ओतून घेत हसला. "तुमाला फोन लावायचा दिवस असला की आत्या सकाळीच माजा पाना नेयाच्या. पाना परत येयाचा तं संगं आंबाडीची भाजी, दोन धपाटे. मी म्हनायचो, आत्या, आज फिर पाना लगा? तं म्हनायच्या, चूप बस."

धम्मानंदने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"तुमी कधी इचारलं न्हाई, काहून नेतेत पाना?"

"इचारलं की. म्हनल्या, लेकरू माजं इंजिनेर हाय, मोडलेल्या गोष्टीला लगेच येतं. चांगल्याला काहून येईल?" लालसिंगने बशी तोंडाला लावली आणि मग धम्मानंदचा चेहरा पाहून ती खाली घेतली. "तुमाला माहीत नव्हतं व्हय? मला वाटलं, तुमाला माहीत असंल. तुमी तं इंजिनेर."

धम्मानंदच्या हाती असलेली निरीक्षणे तीच होती: सैल केलेला नट, ताजे ओरखडे, जास्त भिजवलेले पीठ, वाराविषयीचे उत्तर. ती सगळी त्याच्यासमोर उघडी होती. एकही चुकीचे नव्हते.

तो तसाच तिच्या घराकडे वळला. पिशवी कार्यालयात होती. रिकाम्या हातांचे काय करावे हे त्याला उतार चढताना कळेना. त्याने दार वाजवले. आतून खिट्टी सरकायला वेळ लागला.

"धम्मा? काय बिघडलं?"

"काई न्हाई. असंच आलो."

"असंच?" तिने त्याच्या मागे पाहिले, कोणी सोबत आहे का म्हणून. "निलम बरी हाय ना? लेकीचं, ऐश्वर्याचं काई?"

"सगळे बरे हायत. ऐश्वर्या पुण्यालाच हाय."

"मग बस."

कोपऱ्यात एक प्लास्टिकची खुर्ची होती. व्यापारी आला होता तेव्हा शिवशंकरने पाठवली होती. चतुराबाईने ती पुढे ओढली आणि पदराने पुसली. धम्मानंद भिंतीशी खाली बसणार होता. पण खुर्ची पुसून झाली होती, तेव्हा तो तिच्यावर बसला. ती पलंगाच्या कडेवर बसली. दोघांच्या मध्ये स्वच्छ, उंबरा नसलेली, कुठेही पाय अडकणार नाही अशी फरशी होती.

"चहा ठिवते."

"ऱ्हाऊ दे."

"घरी आलेल्याला चहा न्हाई व्हय?"

तिने चहा कपबशीतून दिला. खाली छोटी थाळी होती. चहा चांगला होता. आंबाडी आहे का, असे त्याने विचारले.

"एकटीसाठी काय आंबाडी शिजवायची? कुकर लावते, दोन येळा जातंय. फोन केला असता तं आनली असती मंग."

"आत्या, ती पेटी काढून टाकू का? न्हाई तं किल्ली तुझ्यापाशी ठेव."

"काहून? पानी तं बराबर येतंय."

"लालसिंग सांगत होता..."

"लालसिंग लई बोलतो." ती उठली, खिडकीचा पडदा नीट नसताना नीट केला आणि परत येऊन बसली. "मी तुला कधी काई म्हनले का?"

"न्हाई."

"मंग झालं तं. चांगलं घर बांदलंस. ते हिंगोलीचे बी चांगलंच म्हनत व्हते."

बोलण्यासारखे पुष्कळ होते आणि त्याची सुरुवात कुठून करतात, हे त्याला ठाऊक नव्हते. एवढ्या वर्षांत तो तिच्याशी नळाखालून बोलला होता, पत्र्यावर चढून बोलला होता, मोजपट्टीचे टोक तिच्या हातात देऊन बोलला होता. शेजारच्या घरात अंजलीच्या फोनवर कसलासा व्हिडिओ लागला होता; घडीच्या दारातून त्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

"मी रविवारी येतो. दर रविवारी येत जाईन," तो म्हणाला.

"ये की." तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात रुसवा नव्हता. आरोग्य केंद्रात आजाऱ्याच्या नातेवाइकांकडे ती तसे पाहत असे. "पन हिंगोलीचं काम हाय तुजं. ते पाहून ये."

तो उठला. ती दारापर्यंत आली. गावाकडे तो निघाला की ती चुलीपुढून मान न वळवता ओरडत असे, "दार लोटून घे, कुत्रं येतंय." आज ती काही ओरडली नाही. तो उतार उतरून खाली पोचला आणि त्याने वळून पाहिले. चतुराबाई दाराच्या चौकटीत उभी होती. तिने पदर डोक्यावरून पुढे घेतला, सारखा केला आणि जिल्ह्याहून आलेल्या डॉक्टरांना निरोप देताना करत असे तसे दोन्ही हात जोडले.

"जयभीम," ती म्हणाली.

धम्मानंदला हात वर न्यायला थोडा वेळ लागला.